ओमियोच्या मागून इबारा

माझी बायको फुसाए वारली तेव्हा मी इबाराच्या पोटात होतो.

ओसाकाचं मोठं प्रदर्शन होऊन गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चेरीचा बहर नुकताच झडून गेला होता. इबाराच्या चौदाव्या चित्रपटाचं शेवटचं काम चाललं होतं. इबारा म्हणजे आमच्या कंपनीचा राक्षस. समुद्रातून वर येतो, अंगभर काटे, लांब शेपटी, आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत एखादं शहर तुडवून परत जातो. चौदाही चित्रपटांत त्याच्या आत मीच होतो. त्या दिवशी मला तेलाच्या टाक्यांवर कोसळायचं होतं. टाक्या माझ्या गुडघ्याएवढ्या होत्या. दारू पेरून झाली होती, वाती लावायची माणसं जागेवर होती, आणि कचेरीत फोन आला. पोशाखात शिरलेल्या माणसाला बाहेर काढायचं म्हणजे पाठीचे काटे सोडवा, चेन उघडा, रबर सोलून काढा. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की एवढा शॉट होऊन जाऊ दे. त्यांची चूक नव्हती. मीही तेच म्हटलं असतं.

मी कोसळलो, टाक्या उडाल्या, टाळ्या झाल्या. मग मोगामीने माझं डोकं मोकळं केलं. इबाराचा पोशाख बनवणारा आणि मला आत कोंबून चेन लावणारा तोच, पहिल्या चित्रपटापासून.

"निशिदोई," तो म्हणाला, "घरून फोन होता. वहिनी गेल्या."

मी विचारलं, "कुठे?"

मोगामी माझ्याकडे बघतच राहिला. मला खरंच कळलं नव्हतं.

भाजीवाल्याच्या दुकानात ती मुळा निवडत होती. मेंदूतली शीर फुटली. खाली पडायच्या आत सगळं संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. भाजीवाला रोज येऊन माझी माफी मागायचा, आणि येताना दर वेळी काहीतरी भाजी आणायचा. ती घरात सुकून जायची.

त्यानंतर मला काही जाणवेना. याला लोक दुःख म्हणत असतील, पण दुःख मला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा झालं होतं. हे तसं नव्हतं. माणसं बोलायची ते लांबून यायचं, पोशाखाच्या आत ऐकू येतं तसं. हात पुढे केला की तो जरा उशिराने पुढे जायचा. मुलगी मित्सुयो सेन्दाईहून आली. ती आईवर गेली आहे, मोकळेपणी रडते. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, एकदा तरी रडा हो. लोक बघतायत."

"येत नाही गं."

"येत नाही म्हणजे? चित्रपटात नऊ मजले पाडता, आणि घरात..." पुढे तिला बोलवेना.

मी न्हाणीघरात जाऊन पाहिलं. दार लावून गरम पाण्यात बसलो, फुसाएचा चेहरा आठवला, तिचं माझ्या पाठीला मलम चोळणं आठवलं, चोळताना पुटपुटणं आठवलं. सगळं नीट आठवलं. पण काही झालं नाही. मग पाणी गार व्हायला लागलं म्हणून बाहेर आलो.

अस्थींचा कलश घरातल्या देव्हाऱ्याजवळ पांढऱ्या कापडात बांधून ठेवला होता. तो तिच्या माहेरच्या गावी, डोंगरातल्या देवळापाशी पुरायचा होता. भटजींनी दोनदा दिवस विचारला. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो. टाळत होतो असं नाही. दिवस निवडायचा म्हणजे एका दिवसात आणि दुसऱ्यात फरक असायला हवा, आणि तो मला दिसत नव्हता.

उन्हाळा तापला तेव्हा हिराकुशीने मला बोलावलं. हिराकुशी आमचा निर्माता. जाड चष्मा, सतत पंखा हलवणारा हात, आणि डोक्यात कायम पुढचा चित्रपट. त्याच्या खिडकीतून आवाराचं कुंपण दिसायचं. कुंपणापलीकडची जागा पूर्वी आमचीच होती. कंपनीने ती विकली आणि तिथे बोलिंगचं, म्हणजे चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाचं, केंद्र उभं राहिलं. वर मोठी लाकडी बाटली, रात्रंदिवस दिवे.

"बस, निशिदोई. कसा आहेस?"

"बरा आहे."

"बरा दिसत नाहीस."

"पोशाखात दिसत नाही."

तो मोठ्याने हसला आणि लगेच गप्प झाला. "ऐक. आपल्या कंपनीत विकलं जाणारं काय उरलंय? दोन गोष्टी. एक तुझा इबारा, आणि दुसरी बसवाली ओमियो. दोन्हींची तब्येत खालावलीय. घरोघरी रंगीत टीव्ही आलाय, थिएटरात यायचं कुणी? मी म्हणतो, दोन आजारी माणसं एकमेकांना टेकवून उभी केली तर?"

"दोघंही पडतील."

"किंवा उभी राहतील!" त्याने पंखा टेबलावर आपटला. "ओमियोच्या मागून इबारा! नाव कसं वाटतं?"

बसवाली ओमियो कोण हे कुणाला सांगावं लागत नसे. सहलीच्या बसमधली गाईड, निळी टोपी, पांढरे हातमोजे, हातात पिवळी झेंडी. प्रत्येक चित्रपटात ती एका प्रवाशाच्या प्रेमात पडते आणि शेवटच्या थांब्यावर तो उतरून जातो. बायका रुमाल घेऊन बघायला जात. फुसाएने तर एकही सोडला नव्हता.

हिराकुशीने गोष्ट सांगितली. इबारा वाट चुकून डोंगरात शिरतो. सैन्य तोफा लावतं, विमानं येतात, गावं रिकामी होतात. ओमियोची बस घाटात अडकते. म्हातारे प्रवासी घाबरून रडत असतात. ओमियो खाली उतरते, वर बघते आणि तिच्या लक्षात येतं की हा कुणाला मारायला आलेला नाही. हा हरवलाय. आयुष्यभर तिने हरवलेले प्रवासीच सांभाळलेत. ती झेंडी उंच करते आणि म्हणते, माझ्या मागून या. आणि तो जातो. घाट उतरून, भातशेतांमधून, गावातून, समुद्रापर्यंत.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटच्या थांब्यावर तो उतरून जातो. ओमियो हात हलवते. समाप्त." हिराकुशीने चष्मा काढून पुसला. "मला स्वतःला रडू आलं, सांगतो."

मी म्हटलं, चांगली आहे. चांगली होतीच. मला तेवढं कळत होतं.

दोन दिवसांनी ओमियो स्वतःच आमच्या पोशाखांच्या कारखान्यात आली. म्हणजे शिओमी रान्को. पडद्यावर तेवीस वर्षांची दिसायची, जवळून पन्नाशीची बाई होती. बारीक, ताठ, पावलं झपझप. मी कोपऱ्यात बसून भाताचा गोळा खात होतो. इबारा आकड्याला टांगलेला होता, शेपटी जमिनीवर.

"हाच का तो?" तिने पोशाखाकडे बोट केलं.

"नाही, हा," म्हणत मोगामीने माझ्याकडे बोट केलं.

तिने मला वाकून नमस्कार केला. "मी शिओमी. तुम्हाला समुद्रापर्यंत सोडायला येणार आहे. सांभाळून घ्या."

माझ्या तोंडात भात होता, मी नुसताच वाकलो.

तिची एक तक्रार होती. राक्षस आणि माणूस एका चौकटीत कधी येत नाहीत. माझं काम छोट्या घरांमध्ये, तिचं खऱ्या रस्त्यावर, आणि जोडणी नंतर. म्हणजे तिने रिकाम्या आभाळाकडे बघून बोलायचं.

"पंचवीस वर्षं काम करतेय," ती म्हणाली. "आभाळाशी बोलायची पाळी आली नाही. समोर कुणीतरी पाहिजे."

"समोर हा असला तरी डोळे काचेचे आहेत, बाई," मोगामी म्हणाला. "निशिदोई गळ्यातल्या भोकांतून बघतो. तुम्ही वर बघून बोलाल, तो खालून ऐकेल."

"पण आत माणूस असतो ना?"

मोगामीने माझ्याकडे पाहिलं.

"असतो," मी म्हणालो.

मग आठवडाभर ती दुपारी येत राहिली. मी पोशाख चढवून पाटावर उभा राहायचो, ती समोर झेंडी घेऊन बोलून बघायची. पहिल्या दिवशी तिने काट्यांना हात लावला आणि म्हणाली, "वास कसला येतो हो?" मोगामी म्हणाला, "चौदा चित्रपटांचा घाम." ती म्हणाली, "माझ्या टोपीलाही येतो, पण मी त्याला अत्तर लावते." कधी ती थांबून काहीतरी विचारायची आणि मी आतून उत्तर द्यायचो. रबरातून बाहेर नुसती घुरघुर ऐकू जायची. तिला ते आवडलं. म्हणाली, असंच बोलत राहा, मला अंदाज येतो. एकदा तिने विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?" मी आतून सगळं सांगितलं. भाजीवाला, मुळा, कलश, भटजी. ती मान हलवत ऐकत होती. तिला एक शब्द कळला नसेल.

पितर घरी येतात तो ओबोनचा सण होऊन गेला. मित्सुयोने फोनवर विचारलं, "आई घरी आली असेल तेव्हा दिवा तरी लावलात ना?" मी लावला होता. दिवा लावायला काही वाटावं लागत नाही.

त्यानंतर हिराकुशीने प्रात्यक्षिक ठरवलं. मुख्य कचेरीतून तीन संचालक येणार होते. त्यांना कागदावरची गोष्ट कळायची नाही, डोळ्यांनी दाखवावी लागेल, असं त्याचं म्हणणं. ठरलं असं, की ओमियो झेंडी घेऊन दोन नंबरच्या शूटिंगगृहापासून निघेल, मागून इबारा, आवाराच्या मुख्य रस्त्याने सरळ मोठ्या हौदापर्यंत. हौद म्हणजे आमचा समुद्र. मागे भिंतीवर आभाळ रंगवलेलं. तिथे संचालकांसाठी खुर्च्या, पांढरी चादर घातलेलं टेबल, बर्फात घातलेली बिअर. कॅमेरा उभा केला होता, पण त्यात फिल्म नव्हती. फिल्म मिळायची ती मंजुरीनंतर.

दुपार होती. सिकाडा किडे झाडांवर किरकिरत होते, दुसरा आवाज नाही. मोगामीने मला आत घातलं, चेन लावली, काटे बसवले, पाठीवर थाप मारली. मी उभा राहिलो. मग बराच वेळ काही झालं नाही. भोकांतून मला रस्त्याचा एक तुकडा आणि रान्कोचे बूट दिसत होते. हिराकुशीचे पाय धावत आले, थांबले. नंतर हळू हळू चालत दुसरीकडे गेले. कुणीतरी काहीतरी बोललं.

काय झालं ते मोगामीने मला नंतर सांगितलं. मुख्य कचेरीतून फोन आला होता. संचालक येणार नव्हते. आजच नाही असं नव्हे, कधीच नाही. चित्रपट काढणं बंद करायचं, असं त्यांनी सकाळच्या बैठकीत ठरवलं होतं. ओमियो नाही, इबारा नाही, काहीच नाही. हिवाळ्याच्या आत आवार रिकामं करून द्यायचं होतं. हिराकुशीने हे तिथे जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. सुतार होते, दिवेवाले होते, शिवणखात्यातल्या बायका, उपाहारगृहाचा आचारी. सगळे प्रात्यक्षिक बघायला बाहेर आले होते. मोगामी माझी चेन उघडायला पुढे आला, तेव्हा रान्कोने त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तयार होऊन उभे आहेत ते. आणि मीही."

म्हणजे त्या आवारात एकट्या मला माहीत नव्हतं.

मला एवढंच दिसलं की पिवळी झेंडी वर गेली. मग तिचा आवाज आला. पडद्यावरचा, गोड, जरासा नाकातला.

"सहलीला आलेल्या मंडळींचं स्वागत! आपण सर्वांनी माझ्या मागून यायचं आहे. हरवलेल्यांनीही यायचं आहे. पायाखाली बघा, एकमेकांचे हात धरा."

ती निघाली, मी निघालो. पोशाख जड, पाय फरफटत जायचे. तिने तेवढाच वेग ठेवला.

"उजवीकडे पाहा, शूटिंगगृह क्रमांक दोन. इथे टोकियो कितीदा जळालं याची गणती नाही, आणि दर वेळी आपल्या सुतारांनी ते सोमवारपर्यंत पुन्हा उभं केलं. डावीकडे उपाहारगृह. इथल्या करीत मांस शोधणाऱ्या प्रवाशांना आजवर यश आलेलं नाही."

कुणीतरी हसलं. आचारी ओरडला, "खोटं! शुक्रवारी असायचं!"

"शुक्रवारी असायचं, अशी माहिती मिळाली आहे," ती म्हणाली. "समोर रंगभूषेची खोली. या खोलीत दर वर्षी माझं वय कमी करण्यात येतं, आणि दर वर्षी त्याला जास्त वेळ लागतो. कुंपणापलीकडे बोलिंगचं केंद्र. ते बघायला थांबायची गरज नाही, मंडळी. ते आपल्याकडे येतंच आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. मला मागे पावलं ऐकू येऊ लागली होती. एक-दोन नव्हे, खूप. खडीवर घासणारी, चपलांची, बुटांची. मला मान वळवता येत नव्हती. वाटलं, हिराकुशीने गर्दीला माणसं लावली असतील. खरं तर ते सगळे आपणहून मागे लागले होते. मोगामी म्हणाला, शिवणखात्यातल्या बायकांनी खरंच एकमेकींचे हात धरले होते. सुतार टोप्या काढून चालत होते. हिराकुशी सगळ्यात मागे, हातात बिअरची न उघडलेली बाटली.

ती बोलत राहिली. इथे एका नायकाने पाऊस पडत नाही म्हणून रुसून जेवण टाकलं होतं. या चेरीखाली, माफ करा, हा गिंको आहे, याच्याखाली तिला पहिली भूमिका मिळाली होती, मेलेल्या मुलीची. मला घाम डोळ्यांत जात होता. झेंडी दिसली की मी पाय टाकायचो. बाकी काही नव्हतं. झेंडी, पाय, झेंडी, पाय. बरं वाटत होतं म्हणता येणार नाही, पण पुढे काय करायचं ते माहीत होतं. घरी ते माहीत नसायचं.

हौदाशी ती बाजूला झाली. "शेवटचा थांबा," ती म्हणाली. "समुद्र. विसरलेलं सामान परत मिळणार नाही."

मी उतारावरून पाण्यात शिरलो. ठरलं होतं ते एवढंच, की कमरेएवढ्या पाण्यात जायचं, आभाळाच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी गेलो. पोशाखात आतून स्पंज असतो, तो पाणी पितो. पाय जड झाले. मग मी खाली बसलो.

पडलो नाही, बसलो. पाणी गळ्यातल्या भोकांपर्यंत आलं, मग आत यायला लागलं. गार होतं. बाहेरचा आवाज बंद झाला, किडेही बंद. मला मरायचं नव्हतं. उठायचंही नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये बसायला जागा असते हे मला तोवर माहीत नव्हतं. पाणी हनुवटीला लागलं, ओठांना लागलं. मी नाकाने श्वास घेत राहिलो, कारण नाक तेवढं करत होतं.

काठावरच्यांना वाटलं हा अभिनय आहे. इबारा समुद्रात परत जातोय. शिवणखात्यातल्या बायका रडायला लागल्या. मोगामीलाही आधी कळलं नाही. रान्कोला कळलं. कसं, ते तिने कधी सांगितलं नाही.

धपकन आवाज झाला आणि कुणीतरी माझ्या डोक्यावर, म्हणजे इबाराच्या डोक्यावर, मुठीने बडवायला लागलं.

"निशिदोई-सान! उठा! अहो उठा! मला पोहता येत नाही! हे किती खोल आहे मला माहीत नाही!"

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, पण तिला ते कळत नव्हतं. एका काट्याला गच्च धरून किंचाळत होती. निळी टोपी पाण्यावर तरंगत गेली. मला वाटलं, ही बुडेल. म्हणून मी उठलो. गुडघे टेकले, हात टेकले, पाणी अंगातून धो धो गळत होतं, आणि मी उठलो. ती काटा सोडेना, तेव्हा तिलाही घेऊनच काठावर आलो. मोगामी आणि सुतारांनी मला ओढून वर घेतलं. चेन अडकली होती, मोगामीने चाकूने पाठ फाडली. चौदा चित्रपटांत त्याने त्या रबराला कधी ओरखडा पडू दिला नव्हता.

मी बाहेर आलो, गवतावर बसलो. मग मोगामीने फोनचं सांगितलं.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"निघायच्या आधी."

"बरं," मी म्हणालो.

लोक पांगले. संचालकांची बिअर दिवेवाल्यांनी उघडली. रान्को माझ्या शेजारी येऊन बसली, टॉवेल गुंडाळून, बूट काढून. आचाऱ्याने जवाचा थंड चहा आणून दिला. तिने हातमोजे पिळले.

"का बसलात?" तिने विचारलं.

"गार वाटत होतं."

ती चहा प्यायली. चेहऱ्यावरचा रंग उतरून गळ्यावर आला होता आणि त्याखालची बाई थकलेली होती.

"मोगामीने मला तुमच्या बायकोचं सांगितलं. सुरुवातीलाच. तुम्ही आतून काहीतरी सांगत होतात त्या दिवशी, तेच ना?"

"तेच."

"माझे चित्रपट बघायची का ती?"

"सगळे. काही दोनदा."

"आणि तुमचे?"

"एकही नाही. मला आग लावतात ते तिला बघवायचं नाही."

रान्कोला हसू आलं. मोठ्याने, तोंड न झाकता हसली, आणि मग हसता हसता शिंकली. "कुठे पुरलंत तिला?"

"अजून घरीच आहे."

"मग कधी?"

मी म्हणणार होतो "बघू". पण ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, जशी बसमधली गाईड कुणाचं तिकीट राहिलंय ते बघत उभी राहते. "शरद ऋतूत," मी म्हणालो. "पानं लाल झाली की."

"मी येईन," ती म्हणाली. "माझी प्रेक्षक होती."

मला वाटलं बोलायला बोलली. पण ती आली. साध्या काळ्या किमोनोत, केस मागे बांधून, हातात फळांची पिशवी. मित्सुयोने स्टेशनवर तिला पाहिल्यापासून ती नवऱ्याला कोपराने ढोसत होती. गावाकडे जायला बस होती आणि बसमध्ये खरीच गाईड होती, विशीतली, गालांवर लाली. ती दरी दाखवत होती, धबधबे सांगत होती, मध्ये एक गाणं म्हणाली. रान्कोला तिने ओळखलं नाही. रान्को खिडकीशी बसून ऐकत होती.

"चांगली आहे," ती मला हळूच म्हणाली. "श्वास चुकीच्या जागी घेते. पण चांगली आहे." थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. डोकं काचेवर आपटत होतं, म्हणून मित्सुयोने आपली शाल मध्ये सरकवली.

देवळामागे दगड सरकवून भटजींनी कलश आत ठेवला. मित्सुयो रडली. मी उदबत्ती लावली, पाणी ओतलं, जे जे करायचं ते केलं. दगडावर मुंग्या चढत होत्या, त्या एका रांगेत नव्हत्या. मला काही वाटलं नाही. मी मित्सुयोला तसं सांगितलं, खोटं कशाला. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा. मी तुमच्या वाटचंही रडलेय. आता सेन्दाईला चला. तिथे एकट्याने बसू देणार नाही."

मी गेलो. आवार रिकामं व्हायच्या आधी मोगामीने इबाराची पाठ पुन्हा शिवली आणि उत्तरेकडच्या एका करमणूक बागेला तो देऊन टाकला. हिराकुशी टीव्हीत गेला. आमच्या न झालेल्या चित्रपटाचे कागद त्याने घरी नेले म्हणतात. दोन वर्षांनी पुन्हा कुणाला तरी दाखवले, पण त्या माणसाला राक्षस नको होता. रान्कोही टीव्हीवर आली, रोजच्या मालिकेत खाष्ट सासू. एकदा तिने फोन केला. "आता माझ्याच वयाची बाई करते," म्हणाली. "रंगवाल्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. अपमान आहे हा." मग हसता हसता शिंकली, आणि तिने फोन ठेवला.

सेन्दाईत मला माशांच्या वड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. वाफेच्या पेट्या भरायच्या, काढायच्या. तिथे कुणाला इबारा माहीत नव्हता, आणि मी सांगितलं नाही. जेवायच्या सुटीत तिथली माणसं घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलत, मी ऐकत असे. तो बधिरपणा कधी गेला, गेला की नाही, हे मला सांगता येत नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी अचानक बर्फ पडू लागलं. मित्सुयो स्वयंपाकघरात होती, मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेलो. शर्ट फळीसारखे कडक झाले होते, एकमेकांवर आपटले की वाजत होते. चिमटे निघेनात. बोटं लाल झाली, मग दुखायला लागली, नखांच्या खालून, चांगलीच.

"बाबा, आत या! राहू द्या ते, गोठाल!" मित्सुयो आतून ओरडली.

"दोनच राहिलेत," मी म्हणालो, आणि बोटं तोंडात धरून जरा गरम केली.